अल्झायमरमध्ये मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी नेमकं काय करतात?

प्रश्न: आईला अल्झायमर आहे. चष्मा हातात धरून चष्माच शोधत असते, बघवत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी सूज वाढवतात असं वाचलं. मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या का देत नाहीत?

उत्तर: देऊन पाहिल्या, चाचण्यांत फायदा दिसला नाही. याच पेशी मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्यांभोवती कडं करून त्यांना आवरतात. २०१३ मध्ये कळलं की ट्रेम-२ जनुकातल्या एका दुर्मीळ बदलामुळे आजाराचा धोका वाढतो; त्या बदलाने हे काम ढिलं पडतं, हे नंतर दिसलं.

आणखी एक उत्तर: पण त्याच पेशी चेतापेशींमधले जोडही गिळतात, उंदरांत दिसलंय. कृपा करून मनाने गोळ्या सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्नकर्ती: नाही करणार. मी ट्रेम-२ची तपासणी करून घेऊ का?

उत्तर: त्याने आईचे उपचार बदलणार नाहीत. आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला.