पोरगं नशेतून सुटतं ते माळेनं की औषधानं?

रंकाळ्याकाठची:
माझा भाचा १७ वर्षांचा. पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर ओतून हुंगायचा, आता दारूही रोजची झालीय. दाजी म्हणतात, गळ्यात तुळशीची माळ घाला, सुटेल. बहीण म्हणते, आधी डॉक्टर. मी दाजींच्या बाजूची. माझ्या वडिलांनी चाळिशीत माळ घातली, त्यानंतर दारूला शिवले नाहीत. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या १२ पायऱ्यांची सुरुवातही तीच आहे: आपल्याच्यानं होत नाही हे कबूल करायचं आणि आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायचा.

पेठेतला:
ताई, तुमच्या वडिलांनी माळ स्वतः घातली. पोराच्या गळ्यात तुम्ही घालणार. माझ्या चुलतभावाला सोळाव्या वर्षी अशीच घातली होती. दोन महिन्यांनी पिऊन आला तेव्हा माळ खिशात होती, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेली. चुलते म्हणाले, देवाचा अपराध केलास. त्यानंतर वर्षभर पोरानं घरात कुणाला खरं सांगितलं नाही. पुन्हा घसरण होणं हा या आजाराचाच भाग आहे, तिला पाप ठरवलं की पोरगं लपवायला शिकतं.

वॉर्डातली सिस्टर:
रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावरही बेततं. हात थरथरताहेत आणि घरचे अंगारा लावून बसलेत, असं बघितलंय मी. आधी दवाखाना, कृपा करून. शिवाय मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात नुसत्या शपथेवर भिस्त ठेवू नका. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

रंकाळ्याकाठची:
फिटचं माहीत नव्हतं. पण सिस्टर, दवाखान्यातनं घरी आल्यावर काय? तीच गल्ली, तेच दोस्त.

सुटलेला:
मी एकोणिसाव्या वर्षी सुटलो. औषधांनी अंगातली तडफड थांबली, पण संध्याकाळी सात वाजता कुठं जायचं हे औषध सांगत नव्हतं. शेजारचे एक आजोबा हरिपाठाला न्यायचे. पहिले पंधरा दिवस टाळ धरता येईना, एवढा हात कापायचा. कुणी काही बोललं नाही, टाळ फक्त माझ्या मांडीवर ठेवायचे. देव आहे का, मला अजून सांगता येत नाही. पण ती जागा माझी होती, आणि एक दिवस चुकलो तर आजोबा दारात.

पेठेतला:
भावा, हे पटलं. पण हे काम आजोबांनी केलं. तालमीतला वस्तादही पहाटे असाच दारात येतो. त्याला अध्यात्म कशाला म्हणायचं?

सुटलेला:
वस्तादापुढं मला जिंकायचं होतं. हरिपाठात हरलेलाच बसलो होतो, तरी चालत होतं. माझ्यापुरता हा फरक फार मोठा आहे.

रंकाळ्याकाठची:
सोमवारी भाच्याला घेऊन ओपीडीला जातेय. दाजींना सांगितलंय, माळेचा विषय तो स्वतः काढेपर्यंत काढायचा नाही. अजून रागावलेत.