ऐंशी हजार नकोत, पॉवर सप्लाय मात्र चांगला घ्या
मुलीचं बी.कॉम. आणि घरचं टॅलीचं काम, एवढ्यासाठी डेस्कटॉप कॉम्प्युटरवर ८० हजार घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: नको. या चर्चेत कुणीतरी सुचवलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड आधी यादीतून काढा. या कामाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, ते बघा. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं.

१६ जीबी रॅम आणि फाइल साठवायला ५१२ जीबी एसएसडी पुरे.

पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र काटकसर करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कोटेशन घेताना कॅबिनेटसोबत स्वस्तातला सप्लाय गळ्यात मारला जाऊ शकतो. तो बिघडला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस’ (वीज कमी वाया घालवण्याचं) प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा वेगळा मागा आणि बिलावर प्रत्येक भागाचं मॉडेल लिहून घ्या. नाहीतर वॉरंटीच्या वेळी हेलपाटे ठरलेले.

फारच ओढाताण असेल तर ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉपही चालेल. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. त्याहून जुनं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. वाचलेल्या पैशांत २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी नीट दिसणारा) मॉनिटर घ्या. पुढे कॉम्प्युटर बदललात तरी तो कामी येईल, आणि तासन्‌तास आकडे बघताना मुलीच्या डोळ्यांनाही बरं.