२०१२ मध्ये स्ट्रासबर्गला थांबवणे योग्य होते का?

कोपरखळी (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकी बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) स्टीफन स्ट्रासबर्ग २०२४ मध्ये निवृत्त झाला. ११३ विजय, १४७० इनिंग (तीन बाद म्हणजे एक इनिंग) आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेतील, सर्वोत्तम खेळाडूचा मान एवढी त्याची जमा बाजू आता कायमची ठरली आहे. त्यामुळे त्याच्या वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने २०१२ मध्ये त्याला थांबवण्याच्या घेतलेल्या निर्णयाचा हिशेब मांडायला हरकत नसावी.

प्रकरण थोडक्यात असे आहे. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला हा पिचर खालच्या स्तराच्या मायनर लीगमध्ये जेमतेम अकरा सामने खेळून ८ जून २०१० रोजी पिट्सबर्गविरुद्ध सर्वोच्च स्तराच्या मेजर लीगमध्ये उतरला. त्या रात्री त्याने चौदा फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, त्यांतले शेवटचे सात सलग, आणि वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) एकही दिला नाही. तीन महिन्यांच्या आत त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट फाटून ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडची कंडरा बसवण्याची) करावी लागली. २०१२ हा त्यानंतरचा त्याचा पहिला पूर्ण मोसम होता. संघ गटात आघाडीवर असतानाही जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी आधी जाहीर केलेल्या धोरणानुसार ७ सप्टेंबरच्या सामन्यानंतर, म्हणजे १५९⅓ इनिंगवर, त्याला घरी बसवले.

माझ्या मते हा निर्णय चुकला. वॉशिंग्टन शहराने १९३३ नंतर प्लेऑफचे (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे) बेसबॉल पाहिलेले नव्हते, आणि ९८ सामने जिंकणारा संघ दरवर्षी जमून येत नाही. प्लेऑफमधल्या सेंट लुइसविरुद्धच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात आपण ६–० ने पुढे होतो. नवव्या इनिंगमध्ये ७–५ अशी आघाडी होती, दोन बाद झाले होते, विजय एका स्ट्राइकवर आला होता, आणि तिथून आपण ९–७ ने हरलो. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत स्ट्रासबर्ग एकदा जरी उभा राहिला असता, तरी पाचव्या सामन्याची वेळ कदाचित आली नसती.

हिशेबी

आपल्या दुःखात मी सहभागी आहे, निष्कर्षात मात्र नाही. तो सामना क्लोजर (शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखण्यासाठी येणारा पिचर) ड्रू स्टोरेनच्या हातून निसटला. सहा धावांची आघाडी ज्यांना टिकवता आली नाही, त्यांचे खापर सामन्याची सुरुवात करणाऱ्या एका पिचरच्या अनुपस्थितीवर फोडणे पटत नाही.

शिवाय रिझो यांनी स्ट्रासबर्गसाठी नवा नियम काढला नव्हता. याच संघाच्या जॉर्डन झिमरमनवर २००९ मध्ये तीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि २०११ मध्ये त्याला १६१⅓ इनिंगवर थांबवण्यात आले. तेव्हा संघ शर्यतीत नसल्यामुळे कोणी ब्रही काढला नाही. पुढच्याच वर्षी झिमरमनने जवळपास १९६ इनिंग टाकल्या.

उलट उदाहरण न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीचे आहे. त्याच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या मोसमात, २०१५ मध्ये, त्याने प्लेऑफ धरून २१६ इनिंग टाकल्या, आणि वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात मॅनेजर थांबवू पाहत असताना नवव्या इनिंगसाठी हट्टाने मैदानात गेला. मेट्स तो सामनाही हरले आणि मालिकाही. हार्वी पुन्हा पूर्वीचा हार्वी झाला नाही.

कोपरखळी

सेंट लुइसच्या अ‍ॅडम वेनराइटचे नाव आपण सोयीने टाळलेत. त्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारी २०११ मधली, म्हणजे स्ट्रासबर्गच्याही नंतरची. २०१२ मध्ये त्याने १९८⅔ इनिंग टाकल्या, त्याला कोणी थांबवले नाही, आणि त्या निर्णायक सामन्याची सुरुवात सेंट लुइसकडून त्यानेच केली. पुढे तो २०२३ पर्यंत खेळला आणि २०० विजय मिळवून निवृत्त झाला.

हिशेबी

त्या सामन्यात सहा धावा देऊन वेनराइट तिसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला, हेही सांगायला हवे होते. तो तेव्हा एकतीस वर्षांचा, मोठ्या मोसमांची सवय असलेला पिचर होता. चोवीस वर्षांच्या स्ट्रासबर्गने मेजर लीगचा एकही पूर्ण मोसम काढलेला नव्हता.

पाऊसपाणी

दोघेही थांबवावे की थांबवू नये एवढ्यावरच अडून बसला आहात. माझा आक्षेप वेळापत्रकाला आहे. अटलांटाने त्याच वर्षी शस्त्रक्रियेतून परतलेल्या क्रिस मेडलनला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या बदली पिचरांत) ठेवले आणि मग सामन्याची सुरुवात करायला उतरवले, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो हाताशी होता. एप्रिलच्या थंडीतल्या चार सामन्यांना स्ट्रासबर्ग मुकला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

हिशेबी

रिझो यांचे म्हणणे असे होते की, बरा होत असलेल्या हाताला ठरावीक दिवसांच्या अंतराने काम देत राहणे, ते मध्येच तोडून पुन्हा सुरू करण्यापेक्षा सुरक्षित आहे. मेडलनबद्दल बोलायचे तर, मार्च २०१४ मध्ये त्याच कोपरावर दुसऱ्यांदा तीच शस्त्रक्रिया झाली. स्ट्रासबर्गने मात्र त्या वर्षी २१५ इनिंग टाकल्या, आणि २०१९ मध्ये २०९ इनिंगनंतर प्लेऑफमध्ये पाच सामने जिंकून वॉशिंग्टनला अजिंक्यपद मिळवून दिले.

पाऊसपाणी

आणि त्यानंतर? २४ कोटी ५० लाख डॉलरच्या सात वर्षांच्या करारात तो फक्त आठ सामने खेळला. २०२१ मध्ये गळपट्टीच्या हाडामागे दबणारी नस मोकळी करण्यासाठी त्याची एक बरगडी काढावी लागली. हार्वीवर २०१६ मध्ये याच विकाराची शस्त्रक्रिया झाली होती. जपलेला आणि न जपलेला, दोघेही एकाच टेबलावर पोहोचले. फरक पाच वर्षांचा होता, आणि तो १५९⅓ या आकड्यामुळे पडला हे कोणी कसे ठरवणार?

हिशेबी

ती पाच वर्षे आणि मधले अजिंक्यपद मला पुरेसे आहे. विकार कोपराचा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

कोपरखळी

एक मुद्दा राहून जातो आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत पिचरला मोकळेपणाने दुसरा संघ निवडता येत नाही, त्यामुळे त्याच्या हाताचे काय करायचे हे मालक ठरवतो. हार्वीच्या वेळी एजंट स्कॉट बोरास यांनी १८० इनिंगची मर्यादा पुढे केली, तेव्हा हार्वीने स्वतः प्लेऑफ खेळणार असल्याचे सांगितले आणि तो खेळला. स्ट्रासबर्गचे एजंट हेच बोरास, आणि २०१२ मध्ये ते संघाच्या बाजूने उभे होते. स्ट्रासबर्गने आपली नाराजी लपवली नव्हती. तरीही १२ सप्टेंबरला त्याच्या पाळीचे पिचिंग जॉन लॅननने केले.