घोड्याचा दमा : ‘तीव्र’ की ‘गंभीर’? ‘आदर्श’ की ‘प्रतिरूप’?

प्रश्न : माणसाच्या दम्याच्या अभ्यासासाठी घोड्याच्या दम्याचा आधार घेतला जातो, या विषयावरील लेखाचा मी अनुवाद करत आहे. या आजाराला ‘दमा’ म्हणावे की ‘धाप’? ‘सिव्हिअर’साठी ‘तीव्र’ आणि ‘मॉडेल’साठी ‘आदर्श’ योग्य ठरेल का?

उत्तर : ‘दमा’च म्हणावे. चढ चढून आलेल्या निरोगी माणसालाही धाप लागते. ते लक्षण आहे, आजार नव्हे. पूर्वी काही दशके या आजाराला माणसातील सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या आकसून राहणाऱ्या फुप्फुसाच्या जीर्ण आजाराचे) नाव दिले जात असे, परंतु घोड्याला तबेल्यातील धुळीपासून दूर, मोकळ्या कुरणात ठेवले की त्याच्या आकसलेल्या श्वासनलिका बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात, म्हणून ते नाव मागे पडले आणि २०१६ च्या सुमारास तज्ज्ञांनी ‘दमा’ हीच संज्ञा पुढे आणली.

‘तीव्र’ मात्र टाळावे. आपल्या वैद्यकीय लेखनात ‘तीव्र’ हा ‘जीर्ण’च्या विरुद्ध, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी रूढ आहे, आणि हा आजार तर प्रौढ घोड्यांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छळतो. येथे ‘गंभीर’ हवे.

‘आदर्श’ म्हटल्यास अनुकरणीय असा अर्थ निघतो, आणि ‘नमुना’ हा शब्द फुप्फुसातून काढलेल्या द्रवासाठी लागणारच आहे. मी ‘प्रतिरूप’ सुचवतो. उंदराला दमा आपसूक होत नाही, तो प्रयोगशाळेत घडवावा लागतो. त्याला ‘प्रतिकृती’ म्हणता येईल. घोड्याला तो सुक्या गवतातील बुरशी आणि धूळ श्वासावाटे गेल्याने आपोआप जडतो, शिवाय एकाच जनावराच्या श्वासनलिकांची तपासणी अनेक वर्षे पुन्हा पुन्हा करता येते. मात्र गंभीर आजारी घोड्याच्या श्वासनलिकांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रामुख्याने आढळतात, तर दमा असलेल्या अनेक माणसांत इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. म्हणून ‘माणसाच्या दम्याच्या एका प्रकाराचे प्रतिरूप’ असे नेमके लिहावे.

आणखी एक : सुक्या गवतासाठी ‘कडबा’ लिहू नये, कारण कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे.

प्रश्न : आभारी आहे. मूळ लेखात या आजाराचे ‘हीव्ह्ज’ हे जुने इंग्रजी नावही आले आहे. त्याचे काय करावे?

उत्तर : ते तसेच ठेवून पुढे वर्णन द्यावे. श्वास बाहेर टाकण्यासाठी घोडा पोटाचे स्नायू जोराने आवळतो आणि कालांतराने बरगड्यांच्या कडेने पन्हळीसारखी रेघ उमटते. ‘कुशी भात्यासारख्या हलतात’ असे लिहिल्यास मराठी वाचकाला ते दृश्य लगेच दिसेल.