फिजीच्या अभ्यासातून नेमके काय सिद्ध होते?

‘टीव्हीवरच्या सडपातळ नायिका पाहूनच मुलींना खाण्याचे विकार जडतात,’ हे विधान मला अर्धेच पटते. (खाण्याचे विकार म्हणजे वजनाच्या धास्तीने उपाशी राहणे, खाल्लेले मुद्दाम उलटून टाकणे अशी लक्षणे असलेले मानसिक आजार.) या मताच्या समर्थनार्थ बहुधा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांच्या फिजीतील अभ्यासाचा दाखला दिला जातो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

फिजीच्या नाद्रोंगा भागात 1995 साली टीव्ही आला. त्याआधी तिथे भरलेले अंग हे घरच्यांनी नीट काळजी घेतल्याचे लक्षण मानले जाई. जेवताना दारावरून जाणाऱ्याला ‘माइ काना’, म्हणजे आपल्याकडचे ‘या जेवायला’, अशी हाक जाई आणि एखादीची भूक मंदावली तर शेजारीही चिंतेत पडत. टीव्ही आल्यानंतर काही आठवड्यांतच केलेल्या पाहणीत खाण्याच्या विकारांची लक्षणे तपासणाऱ्या प्रश्नावलीवर धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुली 12.7 टक्के होत्या. 1998 मध्ये त्या 29.2 टक्के झाल्या, आणि वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करण्याचे प्रमाण शून्यावरून 11.3 टक्क्यांवर गेले.

आकडे हादरवणारे आहेत, यात शंका नाही. परंतु दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, दोन्ही गट जेमतेम साठ-पासष्ट जणींचे होते, आणि अशा प्रश्नावलीतील गुण म्हणजे निदान नव्हे. शिवाय तोच टीव्ही पाहणाऱ्या सुमारे सत्तर टक्के मुली त्या पातळीच्या आतच राहिल्या. तेव्हा आनुवंशिकता, परिपूर्णतेचा हट्ट, वयात येतानाचे डाएटिंग आणि (आपल्या लग्नघरांत हमखास ऐकू येणारी) ‘किती जाड झालीस गं!’ ही थट्टा यांना वगळून सगळा दोष पडद्यावर ढकलता येत नाही.