पावसाळ्यापुरते गेम सुचवा: आडवाटेला गेल्याचं चीज व्हायला हवं

खाडीपलीकडचा:
लॅपटॉप साधा आहे. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जुनी फिरती हार्ड डिस्क. राहायला देवगडच्या बाजूला, म्हणजे आता वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. नेट मोबाइलचंच, दिवसाला दीड जीबी.

ज्यात मुद्दाम वाट सोडून भटकलं तर खरंच काही हाती लागतं, असे गेम हवेत. नकाशाभर प्रश्नचिन्हं आणि एकेक खोडत बसायचं, तसलं नको. 'विचर ३' गेममध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रात होडी हाकत पेट्या गोळा करण्याचा कंटाळा आलाय.

चिरेबंदी:
डोळे झाकून 'हॉलो नाइट' (२०१७). किमान ४ जीबी रॅम आणि ९ जीबी जागा मागतो, तुमच्या लॅपटॉपवर चालायला हरकत नाही.

यात नकाशा फुकट मिळत नाही. बहुतेक प्रदेशांत कॉर्निफर नावाचा नकाशेवाला कुठल्यातरी कोपऱ्यात बसलेला असतो. जमिनीवर कागदाचे कपटे दिसले आणि गुणगुणणं ऐकू आलं की समजायचं, तो जवळच आहे. फरगॉटन क्रॉसरोड्स या पहिल्या प्रदेशाचा नकाशा ३० जिओला (जिओ म्हणजे गेममधले पैसे) मिळतो. मग वर डर्टमाउथ गावात येऊन त्याच्या बायकोच्या, इसेल्डाच्या दुकानातून आधी क्विल, म्हणजे नकाशा भरायची लेखणी घ्या (१२० जिओ), नंतर नकाशात तुम्ही कुठे आहात ते दाखवणारा वेवर्ड कंपास (२२०). नवे लोक इथेच फसतात: नकाशा घेतात, क्विल घेत नाहीत, आणि नव्या खोल्या का उमटत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. क्विल असली तरी नकाशा भरतो तो बाकावर बसल्यावरच. कंपास एक नॉच (ताईत अडकवायची खाच) अडवतो, त्यामुळे प्रदेश पायाखालचा झाला की काढून ठेवा.

भटकण्याचं फळ म्हणाल तर मास्क शार्ड ४ जमले की एक जीव वाढतो, व्हेसल फ्रॅगमेंट ३ जमले की सोल (जादूची शक्ती) साठवायची जागा वाढते. बरेचसे भिंतीआड दडवलेले. नकाशात एखादी खोली उगाच अर्धवट उघडी दिसत असेल तर तिथली भिंत ठोकून बघा.

मेलात तर जिओ त्या जागी उरलेल्या तुमच्या सावलीपाशी राहतात. ते परत घ्यायच्या आधी पुन्हा मेलात तर गेले ते गेले. म्हणून अनोळखी भागात शिरण्याआधी खिसा रिकामा करा, दुकानात जे परवडतं ते घेऊन टाका. वीज गेलीच तर पुन्हा सुरू केल्यावर शेवटच्या बाकावर उठाल.

सड्यावरची_सुरंगी:
'हॉलो नाइट' आहेच, पण समुद्रकाठच्या माणसाला समुद्राखाली भटकायचा 'सबनॉटिका' न सांगणं म्हणजे पाप. फक्त एक गोष्ट आधी ऐका: यात आपोआप सेव्ह होत नाही. मेनूत जाऊन स्वतः सेव्ह करायचं. तुमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा बुडी मारून वर आलात की सेव्ह, हा नियमच करा.

जागा २० जीबी लागते. किमान अटींत इंटेल एचडी ४६०० (प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स) लिहिलंय, म्हणजे चालेल, पण फिरत्या डिस्कवर समोरचा खडक उशिरा उमटतो. ग्राफिक्स सगळ्यात खाली ठेवा.

सुरुवातीला दम ४५ सेकंदांचा. टायटॅनियम ३ घालून हवेची साधी टाकी केली की ७५. पाठोपाठ स्कॅनर: एक बॅटरी, एक टायटॅनियम. बॅटरीला अ‍ॅसिड मश्रूम २ आणि तांब्याचं खनिज १. बुडालेल्या जहाजाचे तुकडे स्कॅन केले की नव्या वस्तूंचे आराखडे मिळतात. म्हणजे जो भटकतो तोच पुढे जातो, दुकान वगैरे काही नाही.

नकाशा मुळीच नाही, त्यामुळे जागेची खूण दाखवणारे बीकन (टायटॅनियम १, तांब्याचं खनिज १) सोबत दोन-तीन तरी ठेवा आणि गुहेच्या तोंडाशी सोडा. नाव मात्र नीट द्या, 'बीकन ४'ने काय कळणार! हवा अर्धी झाली की मागे फिरायचं. १०० मीटरखाली रीब्रीदर (हवा वाचवणारा मुखवटा) नसेल तर हवा भराभर संपते आणि 'अजून थोडं' म्हणणारे तिथेच राहतात. सीमॉथ, म्हणजे छोटी पाणबुडी, २०० मीटरपर्यंत टिकतो. मॉड्यूल बसवत गेलात की ३००, ५०० आणि ९००.

खाडीपलीकडचा:
दोन्ही घेतो. गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ निन्टेन्डोचं गेमयंत्र स्विच घेऊन येतोय, त्यात 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आहे. पाच-सहा दिवसांत हाताला काय लागेल?

वल्हं_आणि_नांगर:
आधी स्विचवर स्वतःचा वेगळा यूझर बनवा. एका यूझरला एकच डाव मिळतो. त्याच्या नावावर 'न्यू गेम' दाबलंत तर त्याच्या सेव्हवर पाणी फिरेल आणि मोदक कडू होतील.

सुरुवातीच्या पठारावर ४ श्राइन (कोड्यांची छोटी मंदिरं) झाली की पॅराग्लायडर मिळतो, खरा खेळ तिथून. श्राइन एकूण १२०. प्रत्येकातून एक ऑर्ब मिळतो, दर ४ ऑर्बमागे एक हृदय (जीव) किंवा स्टॅमिना (दमसास). पहिले दोन-तीन वेळा स्टॅमिनाच घ्या, कारण चढता आलं तरच दिसलेल्या ठिकाणी जाता येतं. पावसात कडा चढायला जाऊ नका, हात निसटतो आणि स्टॅमिना वाया जातो. विजा चमकायला लागल्या की धातूची तलवार आणि ढाल उतरवून ठेवा. सेटिंगमध्ये प्रो एचयूडी (पडद्यावरच्या खुणा कमी करणारा पर्याय) लावा, कोपऱ्यातला नकाशा जातो आणि मान आपोआप वर होते.

जागोजागी दडवलेल्या कोरोक बिया ९०० आहेत, पण सामानाची सगळी जागा वाढवायला ४४१ पुरतात. सगळ्या गोळा केल्यावर जे मिळतं ती निव्वळ थट्टा आहे, आणि मला वाटतं ती मुद्दाम केलीय.

सड्यावरची_सुरंगी:
४४१ तरी कशाला? वाटेत दिसली तर घ्यायची. शोधत फिरलात की पुन्हा स्केलिगेच्या पेट्याच.

चिरेबंदी:
'आउटर वाइल्ड्स' कोणीतरी सुचवेलच. गेम अव्वल आहे. २२ मिनिटांचा काळाचा फेरा (संपला की पुन्हा पहिल्यापासून), हत्यार नाही, पैसा नाही, जे कळलं तेवढंच बक्षीस. पण तुमचं मशीन धापा टाकेल, पुढे कधी चांगलं आलं तर बघा.

आजच काही हवं असेल तर 'अ शॉर्ट हाइक'. ४०० एमबी जागा लागते, म्हणजे दिवसाच्या डेटात बसतो. सोनेरी पिसं शोधायची, जितकी जास्त तितकं उंच चढता येतं. एका संध्याकाळचं काम.

वल्हं_आणि_नांगर:
डेटाचं बघून घ्या. स्टीमवर (जिथून गेम विकत घेऊन उतरवतो ते दुकान) डाउनलोड मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येतं. 'सबनॉटिका' मात्र मोबाइलवर उतरवत बसू नका. चुलतभावाच्या लॅपटॉपवर तो गेम असेल तर दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर जोडा, स्टीम फायली थेट तिकडून घेतं. गेम तुमच्या खात्यात विकत घेतलेला हवा आणि त्याच्या स्टीम सेटिंगमध्ये तुम्हाला फायली देण्याची मुभा हवी. परतावा विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच मिळतो, म्हणून पहिल्या तासातच सगळी ग्राफिक्स सेटिंग तपासा.

आणि नेट असतानाच प्रत्येक गेम एकदा उघडून बंद करा, मगच स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. नाहीतर टॉवर बंद पडलेल्या दिवशी गेम डिस्कवर असूनही उघडणार नाही.