'प्रोग्रेशन'ला 'प्रगती' कसे म्हणायचे? सार्कोमाच्या औषध-चाचण्यांमधले शब्द

काना-मात्रा
सार्कोमा या हाडे, स्नायू अशा ऊतींच्या कर्करोगावरच्या एका औषध-चाचणीचे रुग्ण-माहितीपत्रक मराठीत आणायचे काम चालू आहे. मसुद्यात 'प्रोग्रेशन फ्री सर्वायव्हल'साठी 'प्रगतीमुक्त जीवितकाल' असे आले आहे आणि पुढे एक वाक्य आहे : 'आजाराची प्रगती दिसल्यास औषध थांबवले जाईल.' कोश उघडला तर चूक काढता येत नाही, पण वाचवतही नाही. काय म्हणावे? शिवाय आर्म, रँडमायझेशन, फेज आणि सिरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट हेही अडले आहेत. सार्कोमालाच मराठी शब्द द्यावा का, हाही प्रश्न आहे.

उपद्व्यापी
शाळेत प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणलेला कोणीही या वाक्याचा अर्थ 'बरे वाटू लागले की औषध बंद' असाच लावेल. 'मुक्त'ने तर कहरच केला. आपल्याकडे टँकरमुक्त, हागणदारीमुक्त असते, म्हणजे नको त्या गोष्टीतून सुटका. प्रगतीतून सुटका कोणाला हवी आहे? सरळ 'आजार बळावणे' म्हणा. ताप बळावतो, दुखणे बळावते, हे खेड्यातल्या आजीलाही कळते.

परिशिष्ट
उलट-भाषांतराच्या तपासणीत ही चूक सापडत नाही, हे लक्षात ठेवा. मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराकडे देऊन परत इंग्रजीत आणतात आणि मूळ मजकुराशी ताडून पाहतात. त्याच्या हातात 'आजाराची प्रगती' पडली की तो निमूटपणे 'प्रोग्रेशन' लिहितो, दोन्ही मजकूर जुळतात आणि पत्रक मंजूर होते. चूक पकडायची तर वैद्यकाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना वाचायला द्या आणि 'आता औषध कधी थांबेल ते तुमच्या शब्दांत सांगा' एवढेच विचारा. नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो, तोही याचसाठी. पण समितीपर्यंत जाण्याआधीच हे झालेले बरे.

अस्थिबंध
'बळावणे' पटते. मात्र चाचणीत हा शब्द बोलीतल्या अर्थाने चालत नाही, तो मोजून ठरतो, आणि ते मोजमाप पत्रकात एकदा सांगावेच लागेल. सार्कोमाच्या बहुतेक चाचण्यांत रेसिस्ट १.१ हे निकष वापरतात. सुरुवातीच्या स्कॅनवर मोजण्याजोग्या जास्तीत जास्त ५ गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या २ पेक्षा जास्त नाहीत. सीटी स्कॅनवर गाठ किमान १० मिमी हवी. लसिकाग्रंथी असेल तर तिची आखूड बाजू किमान १५ मिमी हवी. निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज करायची. ती मूळ बेरजेपेक्षा ३०% किंवा अधिक घटली तर 'अंशतः प्रतिसाद'. २०% किंवा अधिक वाढली, आणि ती वाढ किमान ५ मिमीची असली, तर प्रोग्रेशन. कुठेही नवी गाठ दिसली तरी प्रोग्रेशनच.

गोंधळ होतो तो पुढे. वाढ मोजतात ती सुरुवातीच्या मापापासून नव्हे, तर आतापर्यंतच्या सर्वांत कमी मापापासून. समजा बेरीज १०० मिमी होती, औषधाने ६० झाली आणि पुढच्या स्कॅनला ७३ आली. चाचणीच्या लेखी आजार बळावला, औषध बंद. रुग्ण म्हणतो, 'पहिल्यापेक्षा गाठ लहानच आहे की, मग औषध का काढून घेता?' हा वाद टाळायचा तर व्याख्येतच लिहा : 'गाठी जितक्या लहान झाल्या होत्या त्या मापापासून पुन्हा ठरावीक प्रमाणात वाढणे किंवा नवी गाठ दिसणे, याला या पत्रकात आजार बळावणे म्हटले आहे.' 'फैलाव' वापरू नका. जागच्या जागी वाढलेली गाठ त्यात बसत नाही.

मध्यक
'सर्वायव्हल'कडेही बघा. हा काळ चाचणीत गट ठरल्या दिवसापासून मोजतात आणि आजार बळावणे किंवा मृत्यू, यांतले जे आधी घडेल तिथे थांबवतात. म्हणून 'आजार न बळावता जगलेला काळ'. लांब आहे, पण तक्त्यात 'पीएफएस' लिहून एकदा उलगडून सांगितले की भागते.

हा काळ आणि एकूण जगलेला काळ वेगळे आहेत, हे शब्दांतून दिसलेच पाहिजे. मृदू ऊतींच्या सार्कोमासाठी पॅझोपॅनिब या रोज ८०० मिग्रॅच्या गोळीची पॅलेट नावाची चाचणी झाली, ३६९ रुग्णांची. आजार न बळावता गेलेला काळ प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) गटात १.६ महिने, औषध गटात ४.६ महिने. फरक स्पष्ट होता. एकूण आयुष्य मात्र १०.७ विरुद्ध १२.५ महिने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन्हींना 'जीवितकाल' म्हटले तर घरचे लोक ४.६ महिने हेच आयुष्य समजतील.

हे आकडे सरासरी नव्हेत, मध्यक आहेत. 'सरासरी ४.६ महिने' लिहू नका. 'निम्म्या रुग्णांमध्ये ४.६ महिन्यांच्या आत आजार बळावला किंवा मृत्यू आला, उरलेल्या निम्म्यांमध्ये त्याहून उशिरा' असे लिहा. स्कॅन ठरावीक आठवड्यांनीच होतात, त्यामुळे आजार बळावल्याची तारीख म्हणजे खरे तर तो दिसल्याची तारीख. स्कॅन लांबवले की हा काळ कागदावर आपोआप वाढतो. दोन्ही गटांचे स्कॅन एकाच वेळापत्रकाने घ्यायचे ते यासाठी.

अस्थिबंध
'गाठ वाढली' आणि 'आजार बळावला' हेही नेहमी एक नसते. जिस्ट हा पचनमार्गातला सार्कोमा. त्यावर इमॅटिनिब देतात, नेहमीचा डोस रोज ४०० मिग्रॅ. औषध लागू पडले की गाठ आतून मरते, सीटीवर तिची घनता उतरते, पण आकार तसाच राहतो किंवा थोडा वाढतोसुद्धा. नुसती फूटपट्टी लावली तर लागू पडलेले औषध बंद केले जाईल. म्हणून तिथे चोई निकष आहेत : आकार १०% घटला किंवा घनता १५% घटली तरी प्रतिसाद धरायचा. तेव्हा पत्रकात 'गाठ वाढल्यास औषध थांबवू' असे सुटसुटीत करायला जाऊ नका. 'बळावणे' हाच शब्द ठेवा, आणि ते कशावरून ठरवायचे ते त्या-त्या चाचणीच्या निकषांप्रमाणे लिहा.

उपद्व्यापी
आता आर्म. एका कागदावर 'नियंत्रण भुजा' वाचले आहे. दंडाच्या हाडात गाठ असलेल्या माणसापुढे 'तुम्ही कोणत्या भुजेत आहात' हा प्रश्न ठेवायचा का? सिंगल आर्मला 'एकहाती' केलेलेही पाहिले आहे. एकहाती सामना जिंकतात. 'गट' म्हणा आणि सिंगल आर्मला 'एकगटी'.

अस्थिबंध
हो, 'एकगटी'. दुर्मिळ सार्कोमात अशा चाचण्या बऱ्याच होतात, कारण तुलनेला दुसरा गट उभा करण्याइतके रुग्णच नसतात. सायनोव्हियल सार्कोमासाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या अफामी-सेल या पेशी-उपचाराला एकगटी चाचणीतल्या ४४ रुग्णांवरून मंजुरी मिळाली. त्यांतल्या ४३.२% रुग्णांच्या गाठी आकसल्या.

या उपचाराच्या पत्रकात आणखी एक शब्द छळतो, 'स्क्रीन फेल्युअर'. आधी रक्तातून एचएलए-ए०२ हा ऊतिप्रकार तपासतात, मग गाठीच्या तुकड्यात मेज-ए४ हे प्रथिन. दोन्ही असतील तरच रुग्णाच्या टी पेशी (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी) काढून प्रयोगशाळेत बदलायला पाठवतात. एक जरी नसले तरी प्रवेश नाही. याला 'अपात्र' किंवा 'चाळणीत नापास' म्हणणे क्रूर आहे. 'हे औषध तुमच्या गाठीवर काम करू शकेल अशी खूण तपासणीत मिळाली नाही' असे लिहावे.

पेठकर
रँडमायझेशनला 'यादृच्छिकीकरण' हा परिभाषेतला शब्द आहे, पण बोलताना जीभ अडखळते. 'सोडत' घ्या. म्हाडाची सोडत सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाचा हात लागत नाही, संगणक ठरवतो, ओळख चालत नाही. नेमके हेच सांगायचे आहे ना?

मध्यक
तेवढे सांगायचे असते तर 'सोडत' उत्तम होता. पण सोडतीत बक्षीस असते. घर लागले तो भाग्यवान, न लागलेला हात हलवत परत. 'नव्या औषधाला नंबर लागला' ही भावना या शब्दाबरोबर आपसूक येते, आणि नवे औषध चांगलेच असते हे तर चाचणीआधी कोणालाच माहीत नसते.

सार्कोमात याचे उदाहरण ठळक आहे. ओलॅराट्युमॅब हे नवे औषध डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या जोडीला देऊन १३३ रुग्णांची चाचणी झाली. कोणाला काय मिळते ते सर्वांना माहीत होते. एकूण आयुष्याचा मध्यक नुसत्या डॉक्सोरुबिसिनवर १४.७ महिने, जोडीवर २६.५ महिने. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली. मग ५०९ रुग्णांची, कोणाला काय मिळते ते झाकलेली तिसऱ्या फेजची चाचणी झाली. जानेवारी २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला : जोडीवर २०.४ महिने, डॉक्सोरुबिसिन आणि प्लासिबोवर १९.७. औषध बाजारातून गेले. पहिल्या चाचणीत खटकण्यासारखे होतेच. आजार बळावेपर्यंतचा काळ जेमतेम अडीच महिन्यांनी वाढला होता आणि आयुष्य मात्र जवळजवळ वर्षभराने. लहान चाचणी आणि तिच्यात सार्कोमाचे ढीगभर उपप्रकार. ते दोन गटांत थोडे जरी कमीजास्त वाटले गेले तरी आकडे झुकतात.

म्हणून मी लिहीन : 'तुम्ही कोणत्या गटात जाल हे संगणक ठरवेल. ते डॉक्टरांच्या किंवा तुमच्या हातात नसेल. कोणता गट अधिक चांगला हे आज कोणालाही माहीत नाही, तेच शोधायचे आहे.' २:१ प्रमाण असेल तर 'दर तिघांमागे साधारण दोघांना नवे औषध' हेही जोडावे. पॅलेटमध्ये २४६ आणि १२३ असे वाटप होते.

पेठकर
बक्षिसाचा मुद्दा मान्य. तरी समजावून सांगताना तोंडी 'चिठ्ठी टाकल्यासारखे' म्हणायला हरकत नसावी. चिठ्ठी घरात कोणी काय काम करायचे यासाठीही टाकतात.

मध्यक
चालेल. लेखी नको.

परिशिष्ट
फेज (चाचणीची पायरी) आणि स्टेज (आजार किती पुढे गेला ते) दोन्हींना 'टप्पा' करू नका. 'तुम्ही तिसऱ्या टप्प्यात आहात' हे वाक्य चाचणीबद्दल असते आणि माणूस रात्रभर झोपत नाही. आजाराला 'स्टेज' तसाच ठेवा, तो रुळलेला आहे. चाचणीला 'फेज'. केमोच्या २१ दिवसांच्या फेरीला 'सायकल' किंवा 'आवर्तन', पण तिलाही टप्पा नको.

'सिरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट' नीट फोडून बघा. 'गंभीर दुष्परिणाम' यात दोन चुका आहेत. एक, इव्हेंट म्हणजे घटना. औषधामुळे झाली की नाही हे नंतर ठरते. चाचणीतला माणूस रस्त्यावर पडून दवाखान्यात दाखल झाला तरी ती घटना नोंदवावीच लागते. दोन, इथे सिरियस म्हणजे 'तीव्र' नव्हे. मृत्यू, जिवाला धोका, दाखल करावे लागणे किंवा मुक्काम लांबणे, कायमचे अपंगत्व, बाळात व्यंग, असे परिणाम झाले तर ती घटना सिरियस. दिवसभर उलट्या झाल्या आणि घरीच आटोक्यात आल्या तर त्रास तीव्र, पण घटना सिरियस नाही. डॉक्सोरुबिसिननंतर पांढऱ्या पेशी उतरून ताप आला आणि दाखल केले, की सिरियस. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या भारतीय नियमांनुसार संशोधकाने ती २४ तासांत कळवायची असते. म्हणजे रुग्णाने संशोधकाला त्याआधी कळवायला हवे. बाहेरच्या दवाखान्यात दाखल झाल्यावर घरचे कळवत नाहीत, तिथेच सगळे अडते. पत्रकात 'गंभीर प्रतिकूल घटना' लिहा आणि लगेच खाली ठळक अक्षरांत 'कोणत्याही कारणाने, कोणत्याही दवाखान्यात दाखल व्हावे लागले तर त्याच दिवशी या क्रमांकावर कळवा.'

काना-मात्रा
आणि 'सार्कोमा'? 'मांसार्बुद' सुचवलेला आहे.

पेठकर
व्युत्पत्ती जुळते. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस. पण 'मांसार्बुद' हा मोकळा पडलेला शब्द नाही, सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे : बुक्क्यासारखा मार लागून मांस दूषित होते आणि न दुखणारी, न पिकणारी, दगडासारखी घट्ट सूज येते. 'न दुखणारी घट्ट गाठ' हे निरीक्षण आजही लागू आहे. कारण मात्र जसेच्या तसे उचलता येणार नाही.

अस्थिबंध
ते कारणच नडते. मुलगा खेळताना पडला, गुडघ्याजवळ सूज दिसली, म्हणजे मुका मार; मग तेल लावून चोळणे, लेप. मार लागल्याने लक्ष जाते, गाठ आधीच असते. त्यात ऑस्टिओसार्कोमा हाडात उगवतो, त्याला मांसार्बुद कसे म्हणणार? 'सार्कोमा' ठेवा आणि एकदाच उलगडा : 'हाडे, स्नायू, चरबी, कूर्चा, रक्तवाहिन्या अशा शरीराला आधार देणाऱ्या आणि जोडणाऱ्या ऊतींचा कर्करोग.'

'पुअर रिस्पॉन्डर' आला तर तोही सांभाळा. युरॅमॉस-१ या २,२६० रुग्णांच्या ऑस्टिओसार्कोमा चाचणीत, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत १०% किंवा अधिक पेशी जिवंत असल्या तर तो शिक्का बसे. त्यांतल्या ६१८ जणांचे गट पाडून एका गटाला आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड ही केमोची औषधे वाढवून दिली. फायदा झाला नाही, त्रास वाढला. 'कमी प्रतिसाद देणारा मुलगा' वाचून आईला वाटते की मुलगा कुठेतरी कमी पडला. 'गाठीवर केमोचा परिणाम कमी दिसला' म्हणा.

काना-मात्रा
चाचणी १२ वर्षांवरच्या मुलांनाही खुली आहे. पालकांची 'कन्सेंट' आणि मुलाची 'असेंट', दोन्हींना 'संमती' चालेल का?

परिशिष्ट
नको, कायद्याने वजन वेगळे आहे. पालकांची 'संमती', मुलाचा 'होकार'. ७ ते १२ वयात तो तोंडी घेतात, पुढे १८ पर्यंत लेखी. होकारपत्र वेगळे, एका पानाचे, मुलाच्या भाषेत : किती वेळा सुई टोचतील, केस जातील का, शाळा किती बुडेल, नको वाटले तर कोणाला सांगायचे. चाचणी चालू असताना १८ पूर्ण झाली तर त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. ती तारीख आजच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.